घोडीला एखादा पोळो चालेल का?

घोड्यांच्या बाबतीत मी डिचोली तालुक्यातला सर्वांत मोठा तज्ज्ञ होतो. कारण सांगायला हरकत नाही: तालुक्यात घोडेच नव्हते.

म्हणजे होते, पण लाकडाचे. आमच्याकडे शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, घोडेमोडणी होते. लाकडी तोंडाचा, बांबूच्या सांगाड्याचा, रंगीत कापडाचा घोडा कमरेला बांधून माणसं ढोल-ताशावर नाचतात. उरलेलं वर्ष ते घोडे देवळाच्या माळ्यावर पडून असतात. त्यांना होणारा आजार एकच, वाळवी, आणि त्यावर उपाय रॉकेल. गुरांच्या सरकारी दवाखान्यात मी नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो तेव्हा घोड्याबद्दलचा पहिला प्रश्न याच जातीचा आला. देवळाकडचा एक माणूस दारात उभा राहून म्हणाला, "दोतोर, घोड्याचा कान पडला." मी घाईघाईने बॅग उचलली. त्याने पिशवीतून कान काढून टेबलावर ठेवला. मी त्याला सुताराकडे पाठवलं. घोड्याच्या बाबतीत माझा तो पहिला यशस्वी इलाज, आणि पुढे बरीच वर्षं शेवटचाही.

शिक्षण मुंबईला झालं होतं, त्यामुळे घोडा अभ्यासाला होता हे खरं. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला कॉलेजची एक म्हातारी घोडी माझ्या पायावर पाय देऊन उभी राहिली आणि परीक्षा संपेपर्यंत हलली नाही. मी सगळी उत्तरं डोळ्यांत पाणी आणून दिली. परीक्षकांना वाटलं, पोराला विषयाची केवढी तळमळ! चांगले मार्क पडले. त्या मार्कांवर मी घोड्याचा डॉक्टर झालो आणि डिचोलीत येऊन गाई, म्हशी, कोंबड्या आणि अधूनमधून एखादं डुक्कर तपासू लागलो.

हे असंच चाललं असतं, पण माझ्या थोरल्या भावाने म्हापशाच्या बाजारातून घोडी आणली.

दादाबद्दल थोडं सांगायला हवं. तो मयेला आमच्या घरी आई आणि वहिनीबरोबर राहायचा, मी डिचोलीत सरकारी क्वार्टरमध्ये. वडील लवकर गेले, त्यामुळे दादा शाळा सोडून खाणीच्या हपिसात चिकटला आणि जन्मभर दुसऱ्याच्या मातीचे ट्रक मोजत बसला. मला शिकवलं त्याने, बहिणींची लग्नं केली त्याने, आणि स्वतःसाठी काय घेतलं म्हणाल तर वर्षाला एक छत्री. असा माणूस नोकरी संपल्यावर एका शुक्रवारी सुकं खारं, म्हणजे खारवलेली मासळी, आणायला म्हापशाला गेला आणि संध्याकाळी पांढऱ्या घोडीचा दोर हातात धरून चालत घरी आला. चालत, कारण बसच्या कंडक्टरने घोडीला तिकीट द्यायला नकार दिला. "विचारून तर बघितलं," दादा म्हणाला.

वहिनी दारात आली. तिने आधी त्याच्या हातातली पिशवी बघितली.

"खारं खंय?"

"राहिलं."

वहिनीने घोडीकडे बघितलंच नाही. आत गेली, आणि त्या दिवशी घरात सगळ्यांनी बिनखाऱ्याची पेज जेवली.

घोडी होती कोल्हापूरकडच्या एका माणसाची. लग्नसराईत नवरदेव मिरवायला तो तिला घेऊन म्हापशात राहायचा. आता त्याला बांधकामावर बारमाही काम मिळालं होतं, आणि घोडी अडचण झाली होती. त्याने दादाला एक सवलत दिली होती: दिवाळी झाली की लग्नाचा हंगाम तोंडावर येतो, तोपर्यंत नको वाटली तर परत घेईन, गिऱ्हाईक तयार आहे. ही सवलत दादाने भोळेपणाने घरात सांगितली. वहिनीने ती मनात जपून ठेवली. "दिवाळीपर्यंत ठेवा," ती म्हणाली, "मग ज्याची त्याला द्या." दादाने मान हलवली. जन्मभर तो मान हलवतच आला होता, त्यामुळे कुणालाच वेगळं वाटलं नाही.

ते गोवा घटक राज्य झालं ते वर्ष. दादाचा हिशेब सरळ होता. राज्य झालं, म्हणजे मंत्री वाढणार. मंत्री वाढले, म्हणजे पाहुणे वाढणार. पाहुणे मयेचं तळं बघायला येणार, आणि तळ्यावर आल्यावर माणूस काय करतो? पाण्याकडे किती वेळ बघणार? घोड्यावर बसतो! पोरांनी खिदळत फेरी मारावी, बायकांनी फोटो काढावा. दादाने तळ्याकाठी जागाही बघून ठेवली होती, एका आंब्याखाली.

राजभाषेचं भांडणही ताजंच होतं. मराठी की कोंकणी, यावर त्या वर्षांत आमच्याकडे घराघरात दोन तट होते. दादा मराठीचा कट्टर. मराठीवर अन्याय झाला हे तो तावातावाने, टेबलावर मूठ आपटून, अस्सल कोंकणीत सांगायचा. घोडी आल्यावर त्याची मोठी सोय झाली. ती कोल्हापूरच्या बोलीत वाढलेली. "राव गे" म्हटलं तर ढिम्म, आणि "थांब की" म्हटलं की थांबायची. त्यामुळे आमच्या घरात शुद्ध मराठी फक्त घोडीशी बोलली जाऊ लागली. आई म्हणायची, "तिच्याशी बोलतो तसं बायकोशी बोलला असता तर संसार सुखाचा झाला असता."

आणि मग प्रश्न सुरू झाले.

दादा म्हापशाला जाता-येता दवाखान्यात उतरायचा, गाई-म्हशी घेऊन आलेल्यांच्या रांगेत शिस्तीत उभा राहायचा आणि पाळी आली की विचारायचा. पहिला प्रश्न गंभीर होता.

"ती रवंथ करत नाही रे. आल्यापासून एकदाही नाही. मी पाळत ठेवून बसलो."

मी सांगितलं की घोडा रवंथ करत नाही. त्याला पोट एकच, तेही शरीराच्या मानाने लहान. गाय एकदा पोट भरून घेते आणि मग निवांत चघळते. घोड्याला थोडंथोडं दिवसभर लागतं. दादाने ऐकलं, पण त्याच्या तोंडावर अविश्वास होता. चांगल्या घरचं जनावर रवंथ करणार नाही हे त्याला पटेना.

पुढच्या खेपेला: "उभ्याने झोपते. आमच्यावर तिचा विश्वास नाही काय?" घोड्याचे पाय उभ्याने कुलूप लागल्यासारखे अडकतात, उभ्याने डुलकी काढणं हा त्याचा स्वभाव, हे मी समजावलं. "पण एखाद दिवशी आडवी झाली तर घाबरू नको. विश्वास बसला समज." त्यानंतरच्या आठवड्यात दादा रांग मोडून आत घुसला. आडवी झाली होती. त्याने सगळ्या गाईवाल्यांदेखत माझा हात हातात घेतला.

मग विचारलं, नाल ठोकताना दुखतं का? नाही, आपल्या नखांसारखंच, पण ठोकणाऱ्याला कळत असलं तर. खुराच्या खाचेत घाण वास येतो, ते काय? ओल. पावसात ती चिखलात उभी राहते, रोज खूर उचलून साफ कर, कोरड्यात बांध. दातांना धार येते म्हणतात, खरं का? खरं, खाताना घास तोंडातून गळायला लागला की सांग. फेरी मारून आल्यावर पाणी द्यावं का? आधी थोडं चालव, श्वास खाली येऊ दे, मग थोडंथोडं. ही उत्तरं मी पुस्तक बघून द्यायचो. दादा पुढच्या गाईवाल्याशी बोलत असला की तेवढ्यात खालच्या कपाटातून पुस्तक काढायचं, पान शोधायचं, परत ठेवायचं. घरी बायको म्हणाली, "तुम्ही आता घोड्याचे मोठे डॉक्टर झाला म्हणे. वाडाभर बोलतात." मी विनयाने गप्प बसलो. विनयाशिवाय जवळ काही नव्हतं.

कीर्ती पसरली. म्हापशाचा एक वरातीचा घोडेवाला मुद्दाम आला आणि खासगीत विचारून गेला, नवरा फारच जाडा असला तर काय करावं. मी म्हटलं, वरात जवळून काढा. पेडण्याच्या किनाऱ्यावर विदेशी पाहुण्यांना फिरवणारा एक जण आला, त्याच्या घोड्याचं पोट सारखं दुखायचं. तो वाळूवरच गवत टाकायचा. गवताबरोबर वाळू पोटात जात होती. "टोपलीत घाला," मी सांगितलं. घोडा बरा झाला. त्या एका टोपलीवर माझं नाव इब्रामपूरपर्यंत गेलं, जिथे घोडा कुणी बघितलाही नव्हता.

पण मये गावात मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न वेगळाच होता. मी रविवारी आईला भेटायला गेलो की कुणी ना कुणी कुंपणाशी गाठायचं. शेजारची काकी म्हणायची, "दोतोर, घोडीला एखादो पोळो दिला तर चालेल मरे?" तांदळाच्या पिठाचा जाड घावन, त्याला आमच्याकडे पोळो म्हणतात. पाव विकणारा पोदेर सायकल थांबवून विचारायचा, कालचा एखादा उंडो उरला तर? देवळातले भट विचारायचे, प्रसादाचं एखादं केळं? आणि आई विचारायची, गुळाचा खडा?

आता नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो. माणसाला साफ "नाही" म्हटलं की तो पुन्हा विचारायला येत नाही, आणि द्यायचं ते देतोच. म्हणून मी प्रत्येकाला हसून तेच उत्तर द्यायचो: "एखाद्याने काही होत नाही." उत्तर शास्त्राला धरून होतं. पाचपन्नास पुस्तकं काढलीत तरी त्यात चूक सापडणार नाही.

दिवाळी जवळ आली. वहिनी आकाशकंदील लावताना गुणगुणू लागली. कोल्हापूरवाल्याचा निरोपही आला: पाडवा झाला की येतो.

दादाने पुन्हा मान हलवली. पण पाडव्याच्या आदल्या दिवशी तो डिचोलीला आला आणि रांगेत न उभा राहता बाहेर पायरीवर बसून राहिला. दवाखाना बंद करून मी बाहेर आलो तेव्हा त्याने विचारलं, "उद्या तू येशील ना? सकाळी लवकर ये."

"येतो. का?"

"घोडीला गोरवांत धरायचं म्हणतो."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. आमच्याकडे पाडवा हा गोरवांचा, म्हणजे गाईगुरांचा पाडवा. सकाळी गुरांना न्हाऊ घालायचं, अंगावर चुन्याचे आणि कावेचे गोल ठसे उमटवायचे, गळ्यात रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, फुलांच्या माळा, माळांत पोळे ओवायचे, खाऊ घालायचं आणि शेवटी घरच्या सुनेने ओवाळायचं. आणि आमच्या घराची एक रीत होती, आजोबांपासूनची: पाडव्याला ज्या जनावराला घरच्या सुनेने ओवाळलं ते पुढच्या पाडव्यापर्यंत विकायचं नाही. पाप लागतं.

जन्मभर मान हलवणाऱ्या माणसाने केवढी योजना आखली होती! वहिनी घोडीला नको म्हणेल, पण पाडव्याच्या दिवशी, शेजारपाजारच्या अख्ख्या वाड्यासमोर, पाटावर तबक ठेवलेलं असताना दारातल्या जनावराला ओवाळणार नाही असं म्हणेल? मला त्याचा अभिमानच वाटला. "घोडं गोरवांत कसं काय?" असं मी विचारलं नाही. त्याला कधी नव्हे ते काहीतरी स्वतःसाठी हवं होतं.

सकाळी पोचलो तर अंगणात जत्रा. घोडी कोमट पाण्याने न्हालेली, पांढऱ्या अंगावर लाल ठसे. शिंगं नसल्यामुळे माळा कुठे अडकवायच्या यावर चर्चा होऊन सगळ्या गळ्यातच घातलेल्या. आमची गाय बाजूला उभी राहून हा सगळा मान कुणाला चाललाय ते बघत होती. खरं घोडं गोरवांच्या पाडव्याला! अख्खा वाडा आपापल्या गुरांचं आटपून आमच्याकडे लोटला होता. मी घोडीच्या मानेवर थाप मारली, आईच्या पाया पडलो आणि आत फोव खायला बसलो. दह्याचे, गुळाचे, बटाट्याचे. आमच्याकडे दिवाळीच्या पोह्यांना अंत नसतो.

स्वयंपाकघरात वहिनी तव्याशी होती. तबक तयार होतं, निरांजन भरलेलं होतं, कुंकू काढलेलं होतं. वहिनी मात्र पोळे काढत होती. बाहेरून दादाने हाक मारली, "अगो, येतेस मरे?"

"आले. एवढा घाणा काढते."

तो घाणा संपला. तिने नवीन पीठ कालवलं.

"वहिनी," मी म्हटलं, "लोक थांबलेत."

"थांबू दे की भावजी. मला काय दहा हात आहेत?" आणि तिने तव्यावर पोळो इतक्या सावकाश पसरला की मला सगळं कळलं. ती रीत तिलाही पाठ होती. ती लग्न होऊन आली तेव्हा आजीने तिलाच शिकवली होती.

बाहेर लोक वाट बघत होते. आणि जनावराच्या समोर, हातात खाण्याचं ताट घेऊन, नुसतं उभं राहून वाट बघणं माणसाला जमत नाही.

मी दह्याचे पोहे संपवून गुळाच्या पोह्यांकडे वळलो तेव्हा बाहेर आरडाओरडा झाला. "घोडो नाचता रे! घोडो नाचता!" लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी धावत जाऊन देवळातला ताशा आणला, आणि घोडेमोडणीचा ठेका सुरू झाला. आई कौतुकाने म्हणाली, "बघ, तिला आपलं नाचणं कळलं."

हातातला घास मी खाली ठेवला. आमच्या गावातल्या लोकांनी जन्मभर घोडा बघितला तो नाचतानाच. घोडा म्हणजे पुढचा पाय आपटणार, मान वळवणार, कंबर हलवणार. पण मी पुस्तकात वाचलं होतं की घोडा पुढच्या पायाने जमीन खरवडतो आणि मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघतो ते कशाने.

मी खरकट्या हाताने बाहेर धावलो. घोडी अंगणाची माती उकरत होती. वरचा ओठ वळवत होती. कुशीकडे बघत होती, जणू तिथे कुणीतरी बोलावतंय. न्हाऊन सुकलेलं अंग घामाने परत ओलं झालं होतं.

"ताशा बंद करा!"

"अहो दोतोर, सण..."

"बंद करा म्हणतो ना! तिच्या पोटात दुखतंय."

ताशा थांबला. आणि त्या शांततेत घोडी गुडघ्यांवर आली आणि आडवी झाली. दादा "थांब की, अगं थांब की" म्हणत तिच्या डोक्याशी बसला. बायका मागे सरकल्या.

"कुणी काय काय दिलं?" मी विचारलं.

काकी म्हणाली, "मी? एखादोच पोळो. तुम्हीच म्हणालात."

"मी एकच उंडो," पोदेर म्हणाला. "तुम्हीच सांगिल्लें, एखाद्याने होत नाही."

"एखादं केळं," भट म्हणाले.

आईने गुळाचा विषय काढला नाही. आणि मागे, कुंपणापर्यंत, अख्खा वाडा उभा होता. प्रत्येकाच्या हातात रिकामं ताट, प्रत्येकाच्या तोंडावर माझंच शास्त्रशुद्ध उत्तर. कुणीही एकापेक्षा जास्त दिलं नव्हतं.

मी घोडीच्या कुशीला कान लावला. निरोगी घोड्याच्या पोटात सतत गुरगुर ऐकू येते. तिच्या पोटात मयेच्या तळ्यासारखी शांतता. हिरड्या अजून गुलाबी होत्या, तेवढीच आशा. घोड्याला ओकता येत नाही. जे आत गेलं ते पुढे गेलं पाहिजे, नाहीतर आतच फुगतं. पोट फुटून घोडा मरतो, आणि फारसा वेळ लावत नाही.

"उठव तिला," मी दादाला म्हटलं. "हळूहळू चालव. लोळू देऊ नकोस, आतडं पिळलं तर हातात काही उरणार नाही. मी दवाखान्यातून नळी घेऊन येतो."

स्कूटरवरून डिचोलीला गेलो, कुलूप उघडलं, वासराची रबरी नळी, फनेल, पॅराफिनच्या बाटल्या, इंजेक्शन घेतलं आणि पुस्तकही घेतलं. घेतलं म्हणजे शर्टात खुपसलं. परत आलो तेव्हा शेजारचे एक म्हातारे काका बांबूचं नळकांडं घेऊन घोडीच्या तोंडाशी उभे होते. आत आलं-ओव्याचा काढा. गुरांना आमच्याकडे असंच पाजतात, मान वर करून, घशात ओतून.

"नको काका! घोड्याला असं ओतलं तर छातीत जातं."

"माझ्या हाताखालून किती गोरवं गेली, माहीत आहे?"

"ती गोरवं होती."

"मग पाडव्याला ही कशाला बांधली?" काका म्हणाले. दादाने त्यांच्या हातातून नळकांडं हलकेच काढून घेतलं. दादाने कुणा वडीलधाऱ्याच्या हातातून काही काढून घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. काका रागावून निघून गेले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही एकेक करून, आपली गुरं सोडायची आहेत असं पुटपुटत, पांगले. अंगणात आम्ही दोघे भाऊ, घोडी आणि पायदळी गेलेली रोजांची फुलं.

इंजेक्शन दिलं. आता नळी. नाकातून घालायची, घशाशी आली की घोडा गिळतो, त्याबरोबर पुढे सरकवायची. अन्ननलिकेत गेली तर पोटात. श्वासनलिकेत गेली तर वर ओतलेलं सगळं फुप्फुसात, आणि मग नळीने जे वाचवायचं ते नळीनेच मारलं. ओळखायचं कसं? गळ्याच्या डाव्या बाजूला कातडीखालून नळी सरकताना दिसते. पण नळी सरकवणाऱ्याला एका वेळी नाकही आणि गळाही नीट बघता येत नाही. कॉलेजात हे करताना चौघे मदतीला होते. मी दादाला म्हटलं, "तू डाव्या बाजूने गळ्याकडे बघ. काही सरकलं की सांग."

दादा बघत होता. पण त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्याला घोडीच दिसत नव्हती, तर नळी काय दिसणार?

"सरा बाजूला," मागून आवाज आला.

वहिनी. हात पिठाचे, पदर खोचलेला. तिने दादाला घोडीच्या डोक्याशी ढकललं, "तुम्ही तोंड धरा, नि रडायचं ते तिकडे तोंड करून रडा," आणि स्वतः गळ्याला डोळे लावून उभी राहिली. घोडी घरात आल्यापासून वहिनीने तिला हात लावला नव्हता. वहिनीच्या तोंडी घोडीचा उल्लेख "ती" असाच व्हायचा, सवतीचा होतो तसा.

मी नळी सरकवली. घोडीने मान झटकली. परत सरकवली. घशाशी अडली. पुस्तकात लिहिलं होतं, घाई करू नये. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना घाई करायला सांगितलं.

"गिळलं तिने," वहिनी म्हणाली. "हां. हां भावजी, सरकली. हे बघा, कातडीखाली, सापासारखी. जाऊ दे खाली. अजून. अजून जाऊ दे."

नळीच्या टोकातून आंबूस वारा बाहेर आला. आंबोळीचं पीठ फार आंबावं तसा. तो वास मला इतका गोड वाटला की मी हसलो. पोटातच होती नळी. फनेल वर धरायला वहिनीच उभी राहिली, खुर्चीवर, आणि मी पॅराफिन ओतलं.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. वाट बघायची, थोडं चालवायचं, परत कान लावायचा. दुपार उतरली. दादा अंगणात तिला फिरवत होता आणि तिच्याशी काहीतरी बोलत होता. मी जवळून गेलो तेव्हा ऐकू आलं: तो तिला तळ्याकाठचा आंबा कसा आहे ते सांगत होता. सावली कुठवर येते, वारा कुठून येतो. उद्या परवा तिला कुणी नेणारच आहे हे जणू त्याला ठाऊकच नव्हतं.

वहिनी व्हरांड्यात बसून ऐकत होती. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

उन्हं कलताना मी कान लावला आणि आत कुठेतरी दूर, ट्रक चढ चढतो तशी घरघर ऐकू आली. मग तिचं शेपूट उचललं गेलं. आधी वारा, मग आणखी वारा, आणि मग चकाकत्या गोळ्यांचा एक ढीग, आमच्या अंगणात, सकाळी काढलेल्या रांगोळीवर. आई देवापुढून उठून बाहेर आली आणि हात जोडून उभी राहिली. मी लीद काठीने फोडून बघितली, मोती आहेत की काय अशा भक्तीने. दादा तिच्या पायांशी बसला. घोडी त्याच्या डोक्यावरून गवताकडे बघू लागली.

"आज गवत नाही," मी सांगितलं. "उद्या थोडंसंच. पाणी थोडंथोडं. आणि पुढचे काही दिवस रोज सकाळी खुरांना हात लावून बघ. गरम लागले तर लगेच कळव. इतकं पिठाचं खाल्लं की त्रास खुरांत उतरतो."

दादाने तेव्हाच चारी खुरांना हात लावून बघितला.

"घोडीच्या पाया पडतोय," आई म्हणाली. मग तिला आठवलं. "अगो, ओवाळायचं राहिलं मरे! दिवस मावळायच्या आत..."

दादाने खुरावरून हात काढला नाही, पण वर बघितलंही नाही.

"आता कसलं ओवाळायचं, आई?" वहिनी म्हणाली. "दिवसभर जीव चाललाय तिचा. निरांजन बघून परत बुजायची. राहू दे तिला निवांत."

तबक आतच राहिलं. रीत मोडली नाही की पाळलीही नाही. दादाची योजना, त्याच्या आयुष्यातली एकमेव, फुकट गेली होती. मी काहीतरी बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो. इतकी उत्तरं दिली होती मी.

वहिनी पायऱ्या उतरून अंगणात आली. ढिगाजवळ उभी राहिली. पायाच्या अंगठ्याने कडेची एक गोळी हलवून बघितली. आणि मला म्हणाली:

"भावजी, ही रोज एवढी टाकते?"

"याच्यापेक्षा जास्त. बरी असली की."

"मग ती माडांना घालायची काय मिरच्यांना?"

दादाने मान वर केली. इतक्या महिन्यांत वहिनीने घोडीबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि तो "रोज"चा होता. कोल्हापूरवाला उद्या घोडी नेणार असेल तर कुणी मिरच्यांचा विचार करत नाही.

मी उत्तर देणार होतो. ताजी लीद रोपांची मुळं जाळते, ती आधी कुजवावी लागते. घोड्याच्या विषयात पुस्तक न उघडता मला खात्रीने ठाऊक असलेलं बहुधा हे एकच उत्तर.

"मिरच्यांना!" दादा उठत म्हणाला. "ताजीच घाल. गरम गरम. तिची लीद म्हणजे सोनं."

वहिनीने कोपऱ्यातून सूप आणि खराटा घेतला. दादा बालदी घेऊन तिच्यामागून परसाकडे निघाला. रोपं नुकतीच लावलेली, हातभरसुद्धा झाली नव्हती. मी आत जाऊन आईकडे कोपोभर चहा मागितला.